उमाळ्यावरची फुली

ता. ९ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. पाय आता अगदी बरा आहे, असं लिहिलंस. दोन वर्षं प्रत्येक पत्रात तुझा पाय अगदी बरा असतो, म्हणजे तो कधीच अगदी बरा झालेला नाही, एवढं कळायला शब्दकोशात नोकरी करावी लागत नाही. शिडीच्या शेवटच्या पायरीवरून घसरून माणूस दोन वर्षं लंगडतो का रे? डॉक्टरला दाखव.

आता माझी भानगड ऐक. आमच्या कोशाच्या नव्या आवृत्तीचं 'उ' अक्षर छपाईला निघालंय. आम्हा उमेदवारांना प्रत्येकी एक शब्द संपूर्ण स्वतःच्या जबाबदारीवर दिलाय. माझ्या वाट्याला आला 'उमाळा'. विहिरी खोदणाऱ्याच्या बहिणीला आणि उमाळा! मी मनातल्या मनात उडीच मारली. पण कच्चा मजकूर हातात आला नि तोंडचं पाणी पळालं. अर्थ पहिला: मनात एकाएकी दाटून येणारी तीव्र भावना, माया, दुःख, रडू. ठीक. अर्थ दुसरा: जमिनीतून उसळून वर येणारं पाणी. आणि या दुसऱ्या अर्थाच्या डोक्यावर फुली. आमच्याकडे फुली म्हणजे अर्थ मेला, आता कोणी वापरत नाही. संपादकांना फुल्या मारायची इतकी हौस, की आम्ही त्यांना आपसात फुलीसाहेबच म्हणतो.

मला राहवलं नाही. भर बैठकीत उभी राहिले आणि म्हटलं की हा अर्थ मेलेला नाही, माझा सख्खा भाऊ रोज वापरतो. सगळे हसले. कोणीतरी विचारलं की भाऊ कितव्या शतकातला. फुलीसाहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले की लेखी पुरावा आणा. नियम असा: गेल्या पंचवीस वर्षांतला, तारीख असलेला, तीन वेगळ्या माणसांच्या हातचा. मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी. त्यानंतर पान छापखान्यात, आणि पुढची आवृत्ती निघेल तीस वर्षांनी. तेव्हा मी गुडघ्यांना तेल चोळत बसलेली असेन.

शब्दाच्या मुळावरूनही इथे रणकंदन आहे. आमच्या दोन पंडितांपैकी एक म्हणतात शब्द संस्कृतातून आला, दुसरे म्हणतात छे, बोलीतलाच आहे. आठ दिवस दोघं एकत्र चहाला गेलेले नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की कुठूनही आलेला असो, आधी पाणी आलं आणि मग रडू. माणसाने जमिनीतून पाणी वर येताना पाहिलं, म्हणून त्याला आपल्या पोटातलं काय ते सांगता आलं. पाण्यावर फुली मारली तर शब्द बिनमुळाचा होईल.

तर दादा, उमाळा म्हणजे काय ते तुझ्या शब्दांत लिही, आणि काही लेखी असलं तर धाड. हसणाऱ्यांचे दात मला त्यांच्याच घशात घालायचेत.

वहिनींना नमस्कार. माया आहेच, पत्राने ती कळू दे.

तुझी टिटवी

*

ता. १६ जानेवारी

चि. टिटवीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मेला? उमाळा मेला? तुझ्या साहेबांना म्हणावं, एकदा बूट काढून माझ्याबरोबर खाली उतरा.

नीट ऐक. सुरुंग उडाला, दगडमाती वर गेली की आम्ही तळाला अनवाणी उभे राहतो. डोळ्यांच्या आधी तळव्याला कळतं. एका जागी खडक गार लागतो. मग तिथला दगड काळपट होतो, घाम फुटल्यासारखा. आणि मग फटीतली वाळू जागच्या जागी नाचायला लागते. तो उमाळा. पाझर वेगळा, तो कडेने गुपचूप ओघळतो. उमाळा खालून येतो, जोरात येतो आणि कोणाला विचारून येत नाही. हात दाबून धर, बोटांतून वर येतो. दगड ठेव, दगडाच्या बाजूने येतो. आता तूच सांग, चारचौघांत रडू आवरताना माणसाचं याहून वेगळं काय होतं? तुझ्या पंडितांना चहा पाजून हे वाचून दाखव.

आता पुरावा. खाली देतोय तो जपून ठेव. सोमवारी विहिरीला उमाळा लागला. मंगळवारी उमाळा वाढला. बुधवारी उमाळ्याने पंपाला दमवलं. गुरुवारी उत्तरेकडून दुसरा उमाळा फुटला, तेव्हा पहिल्या उमाळ्याला राग आला. असं शनिवारपर्यंत मागच्या पानावर लिहिलंय. तीन माणसांच्या हातचं हवं म्हणालीस, म्हणून माझ्या दाढीवाल्या जोडीदाराने आणि पंपवाल्याने खाली आपापल्या हाताने उमाळा, उमाळा लिहून सह्या केल्यात. पंपवाल्याने काना दोनदा दिलाय, तिकडे लक्ष देऊ नकोस. एकूण सतरा उमाळे भरले. कमी पडले तर कळव, इथे तोटा नाही.

पाय अगदी बरा आहे.

आम्ही सगळे खुशाल, तूही तशीच राहा.

तुझा दादा

*

ता. २५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अरे देवा दादा, काय केलंस हे! अति तेथे माती म्हणतात ती अशी.

मी मोठ्या ऐटीत तुझं पत्र फुलीसाहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी मागचं पान उलटून चार वेळा वाचलं आणि शेजारच्या टेबलावर दिलं. तिथून ते सगळ्या दालनात फिरलं. पहिल्या उमाळ्याला राग आला, इथे पोहोचल्यावर कार्डं लावणाऱ्या बाईंना ठसकाच लागला. नियमाचा शेवटचा भाग मी तुला कळवलाच नव्हता, चूक माझी: कोशासाठी म्हणून मुद्दाम लिहिलेलं काही चालत नाही. मागवून घेतलेला पुरावा तो पुरावाच नव्हे. माझी पुरती शोभा झाली. तो शतकवाला आता मला रोज विचारतो, आज किती उमाळे.

एक मात्र सांगते. तळव्याला गार लागतं आणि वाळू नाचते, तो भाग फुलीसाहेबांनी हळूच स्वतःच्या वहीत उतरवून घेतला. मी पाहिलं. नंतर म्हणाले की तुमचा भाऊ खोटं बोलत नाही हे दिसतंच, पण कोश कोणाच्या नुसत्या सांगण्यावर चालत नाही. ही माणसं कोशवाला बघत नसताना काय लिहितात, ते दाखवा.

त्यावरून मला एकदम आठवलं. तुमच्या चिठ्ठ्या! तळाला पंपाच्या आवाजात ओरडलेलं वर ऐकू येत नाही म्हणून तुम्ही पेन्सिलीने चिठ्ठी लिहून बादलीतून वर पाठवता, आणि वहिनी काठावरून उत्तर लिहून खाली सोडतात. मालक मागाहून शब्द फिरवतात म्हणून वहिनी प्रत्येक चिठ्ठीमागे तारीख-वेळ घालून ती तारेला ओवून ठेवायच्या. सुट्टीत आले होते तेव्हा खुंटीला जाडजूड तार मी या डोळ्यांनी पाहिलीय. दादा, त्यातल्या तीनच धाड. नाहीतर आपल्या शब्दावर तीस वर्षं फुली राहील, आणि ती माझ्या हातून छापली जाईल. हे मला सोसायचं नाही.

उत्तराची वाट पाहतेय, आळस करू नकोस.

तुझी टिटवी

*

ता. २ फेब्रुवारी

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

चिठ्ठ्या कसल्या, जपतो कोण. सिमेंटच्या पिशवीचे कपटे ते. उंदरांनी खाल्ले असतील. असले तरी त्यांत दोर सोडा, पहार पाठवा, याशिवाय काही नसतं.

तू फार मनाला लावून घेऊ नकोस. शब्द काय, आम्ही बोलतोय तोवर आहे. छापलं नाही म्हणून विहिरीला पाणी लागायचं राहतं का? नोकरी सांभाळ, साहेबांशी वाद घालू नकोस. पाय बरा आहे.

बाकी काही विशेष नाही. तब्येतीला जप.

तुझा दादा

*

ता. १० फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा हे अक्षर पाहून आधी घाबराल. घाबरू नका, सगळं ठीक आहे. हे पत्र ह्यांना न सांगता लिहितेय आणि टाकायला स्वतः जातेय.

उंदीरबिंदीर काही नाही. तार खुंटीलाच आहे. ह्यांचं तुम्हाला लिहिलेलं उत्तर मी पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं आणि मनात म्हटलं, झाली ह्यांची लपवाछपवी सुरू. तुमची पत्रं आली की हे दोनदा वाचतात, एकदा मोठ्याने माझ्यासाठी आणि एकदा ओट्यावर बसून स्वतःसाठी. शेवटचं वाचून दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. तारेकडे बघायचे आणि उठून जायचे. कारण त्यात कोणती चिठ्ठी आहे ते ह्यांना माहीत आहे.

वन्सं, हे शिडीवरून घसरले नव्हते. साबणाच्या कारखान्याची विहीर होती, पंचावन्न फूट खाली. दरड आली. ह्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत दगडाखाली गेला, आणि नेमका तिथेच पायाखालून उमाळा. जोडीदार वर येऊ शकत होता, तो आला नाही, ह्यांच्या बाजूला पहार घेऊन उभा राहिला. दोन पंप लावले तरी पाणी चढत होतं. पावणेपाच तास चाललं ते. मी काठावर होते. ओरडून उपयोग नव्हता, बादली होती तेवढीच. मी वेळ घालत गेले, कारण हाताला सवय होती आणि दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

त्या दिवसाच्या चिठ्ठ्या सोबत पाठवतेय. मागची तारीख-वेळ सगळी माझ्याच हातची आहे, तारीख चोवीस नोव्हेंबर. अकरा पन्नासची जोडीदाराची: उमाळा थेट पायाखाली आहे, दुसरा पंप सोडा, लवकर. बारा दहाची माझी, ती उत्तर घेऊन परत वर आली म्हणून माझ्याकडे आहे: पंप येतोय, उमाळा कुठवर चढला ते लिहा, नुसतं ठीक आहे लिहू नका. तिच्या पाठीवर ह्यांनी लिहिलंय, कमरेला. आणि एक चाळीसची ह्यांची. ती मी इथे उतरवत नाही. तुम्हीच वाचा.

तेव्हा तुमची ह्या नोकरीची परीक्षा चार दिवसांवर होती. नंतर सांगू म्हणाले, मग परीक्षा झाली, मग निकाल, मग नवी नोकरी, आणि मग इतके दिवस लपवलं हेच सांगायची चोरी झाली. मीही गप्प बसले, तेव्हा माझ्यावरही रागवा. पण आधी काम करा. तुमच्या साहेबांच्या नाकासमोर ह्या धरा. आम्ही त्या दिवशी कोणासाठी शोभेचं लिहीत नव्हतो.

चिठ्ठ्या परत पाठवायला विसरू नका. त्या माझ्या आहेत.

आहे ते प्रेम असंच राहू द्या.

तुमची वहिनी

*

ता. २६ फेब्रुवारी

ती. दादा आणि ती. वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

दोघांनी एकत्र बसून वाचा. पळून जायचं नाही, दादा.

आधी बातमी: जिंकलो! फुली गेली!

आता क्रमाने. पाकीट मला कार्यालयात मिळालं. जिन्याच्या वळणावर उभं राहून उघडलं. एक चाळीसची चिठ्ठी वाचली आणि तिथेच पायरीवर बसले. उमाळा छातीला लागला. पंप बंद पडू देऊ नको. तू काठाशी वाकू नकोस. टिटवीला कळवू नकोस, परीक्षा सोडून येईल. दादा, तू छातीपर्यंत पाण्यात होतास आणि तुला माझ्या परीक्षेची काळजी! त्या दिवशी मी खोलीत बसून जुने कोश पाठ करत होते, आणि वर आठ दिवसांनी तुझं पत्र आलं की पाय मुरगळलाय, हसण्यासारखी गोष्ट आहे. मी हसलेही होते रे. मला तुझा इतका संताप आला, की तू समोर असतास तर काही खरं नव्हतं. आणि संतापाबरोबर जे आलं ते मी दोन रुमाल भिजेपर्यंत आवरू शकले नाही. चढता-उतरता लोक बाजूने वाट काढत होते. मला कोणाची लाज वाटली नाही.

मग तोंड धुतलं आणि बैठकीत गेले. तिन्ही कपटे फुलीसाहेबांपुढे वेळेप्रमाणे ओळीने मांडले. त्यांनी चष्मा पुसून वाचलं. मागची तारीख-वेळ पाहिली. अक्षरं ताडून पाहिली, तीन हात वेगळे आहेत याची खात्री केली, सिमेंटच्या पिशवीचा कागद बोटाने चाचपला. मग एक चाळीसची पुन्हा वाचली, या वेळी मोठ्याने, सबंध. शतकवाल्याने मान खाली घातली ती वर केली नाही.

साहेबांनी पहिलं काय विचारलं असेल? हा माणूस आता कसा आहे. मी सांगितलं की गेल्या महिन्यात त्यानेच सतरा उमाळे लिहून पाठवले होते. तेव्हा सगळे हसले, पण ते हसणं निराळं होतं. फुलीसाहेबही हसले. मग म्हणाले, ज्याच्याजवळ चार ओळींचा कागद आणि तेवढाच वेळ आहे, तो माणूस मेलेला शब्द वापरत नाही. लाल पेन घेऊन त्यांनी स्वतःच्या हाताने फुली खोडली. आणि वहिनी, ऐका, अर्थांचा क्रमही फिरवला. आता पहिला अर्थ पाण्याचा आणि दुसरा मनाचा. दोन्ही पंडितांनी एकाच वेळी मान डोलावली आणि नंतर एकत्र चहाला गेले. मुळाचा वाद मिटलेला नाही, पण पाणी आधी याला दोघंही राजी आहेत.

उदाहरण म्हणून दादाच्या चिठ्ठीतली पहिली दोनच वाक्यं छापली जातील, खाली 'विहीरकामगाराची चिठ्ठी' असं. बाकीची आपली आपल्यापाशी. माझी नोकरी कायम झालीय, हे सांगायचं राहिलंच.

वहिनी, तुमच्यावर रागवायला सांगितलंत, पण मला ते जमत नाही. पावणेपाच तास तुम्ही त्या काठावर उभ्या होतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर वेळ लिहीत होतात. सगळे आकडे सुवाच्य आहेत. मी तुमच्या पाया पडते. चिठ्ठ्या नोंदणी टपालाने परत पाठवतेय, जपून.

दादा, तुझ्या त्या जोडीदाराला माझा साष्टांग नमस्कार सांग. आणि पुढच्या पत्रात पाय खरा कसा आहे ते लिही. खोटं लिहिलंस तर खरं कुठून मागवायचं ते मला आता ठाऊक आहे.

दोघांचा लोभ मला रोज लागतो.

तुमची टिटवी

*

ता. २१ मार्च

चि. टिटवीस,
अ. उ. आ.

झाकली मूठ राहू द्यायची तर घरातलीच माणसं फितूर. वहिनीशी मी एक संपूर्ण दिवस बोललो नाही. तिला ते कळलंच नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी बोललो.

पाय: थंडीत दुखतो, जिना चढताना दुखतो, शिडीवर दुखत नाही. गुडघ्याच्या खाली एक हाड तिरकं जुळलंय. हे खरं आहे, वहिनीने वाचून खाली सही केलीय.

तुला कळवलं नाही ते चुकलं. पण टिटवी, पुन्हा तोच दिवस आला तरी मी तेच लिहीन, हेही खरंच सांगतो. तू आली असतीस, काठावर रडत बसली असतीस, आणि आज त्या खुर्चीत दुसरंच कोणी फुल्या मारत बसलं असतं. ती चिठ्ठी लिहिली तेव्हा मला वाटलं होतं की ही आपली शेवटची. म्हणून कामाचं तेवढं लिहिलं.

तुझं छापील पान सोमवारी आलं. आम्ही नव्या विहिरीवर जेवायला वर आलो होतो. वहिनीने पाकीट हातात दिलं. मी म्हटलं, घरी गेल्यावर बघू, पण जोडीदार ऐकेना, आत्ताच वाच म्हणाला. सगळे गोल करून बसले, अकरा जण. मी उभा राहून वाचलं. उमाळा, पुल्लिंगी. अर्थ पहिला, पाणी. ते ऐकून पंपवाल्याने शिट्टीच मारली. जोडीदाराने ते तीनदा वाचायला लावलं आणि विचारलं की आपलं नाव कुठे आहे. त्याच्यापाशी म्हणे आणखी एकवीस शब्द आहेत. त्यातले नऊ छापण्याजोगे नाहीत, बाराची यादी तो करतोय, आणि कोशवाला बघत नसताना लिहायचे म्हणून आत्तापासून रोज चिठ्ठीत एकेक घुसवतोय. वहिनी तारखा घालून दमली. पंपशेडच्या दारावर त्याने त्या पानाची प्रत काचेत बसवून लावलीय. मालक आला होता, त्यालाही उभं करून वाचायला लावलं.

पुढे माझीच दोन वाक्यं आली. ती मात्र मला वाचता येईनात. जोडीदाराने पान हातातून घेतलं आणि त्याने वाचली, मोठ्याने, कारण तेव्हा कागद पाण्यावर धरून ठेवणारा तोच होता. अर्थ दुसरा, मनात एकाएकी दाटून येणारी भावना. त्या दिवशी विहिरीत मला यातलं काही झालं नव्हतं, खरं सांगतो, सवडच नव्हती. दोन वर्षं नंतरही झालं नाही. सोमवारी झालं. भर दुपारी, सगळ्या माणसांदेखत, हातातला घास तसाच ठेवून मी लहान पोरासारखा हमसाहमशी रडलो. वहिनी येऊन बाजूला उभी राहिली तर आणखीच रडलो. दाबून धरायचा प्रयत्न केला, जमलं नाही. दुःख नव्हतं गं त्यात तिळभरही. माझी बहीण, माझी बायको, माझा जोडीदार आणि मी, चौघांनी मिळून एक शब्द वाचवला होता, आणि मी तो बघायला वर होतो.

तुझ्या फुलीसाहेबांना नमस्कार सांग. आणि म्हणावं, दुसऱ्या अर्थालाही पुरावा हवा असेल तर तारीख आहे, वेळ आहे, आणि अकरा माणसांनी तो डोळ्यांनी पाहिलाय.

लोभ आहे तो आटू देऊ नकोस.

तुझा
दादा